चिमाबाईच्या जबाबाला गेले होते

गावाचं नाव मी सांगणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. नाव कळलं की तुम्ही फोन काढाल, नाव टाकाल, आणि तो व्हिडिओ तुमच्यापुढं येईल. मग माझं बोलणं बाजूला राहील. एवढं पुरे की घोडेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, एसटी जिथं तोंड फिरवून परत निघते तिथून तासभर चाललं की ते गाव लागतं. चाळीसेक घरं. भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा.

तिथली चिमाबाई माझी मैत्रीण. मैत्रीण हा माझा शब्द झाला. तिला विचारलं तर ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही. आमच्या आळे गावात कांद्याच्या लागणीला वरची, डोंगरातली माणसं उतरतात, त्यांच्यात ती तीस वर्षं येत होती, पाच वर्षांमागं थकली तोवर. गोठ्याशेजारच्या खोलीत राहायची. दुपारी बांधावर आम्ही दोघी बोलायचो, मी जास्त आणि ती कमी. संध्याकाळी मजुरी मात्र माझ्याच हातून घ्यायची. ती मला आक्का म्हणते आणि मी तिला चिमाबाई. वयानं आम्ही सारख्याच आहोत.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढं नात बाहेरून बीए झाली आणि लग्न होऊन गेली, तेव्हा तिची समाजशास्त्राची पुस्तकं ट्रंकेत राहिली. ती मी काढली. दुपारी वाचते. कळलं नाही तर परत वाचते, तरी कळलं नाही तर पुढं जाते. सत्ता, राज्य, संस्कृती, प्रसारमाध्यमं, अशी धड्यांची नावं. मला वाटायचं हे सगळं दिल्ली-मुंबईबद्दल लिहिलंय. हा प्रवास करून आले आणि ती पुस्तकं परत ट्रंकेत ठेवली. चुकीची आहेत म्हणून नव्हे. बरोबर आहेत, आणि त्याचा काही उपयोग नाही, म्हणून.

आधी काय झालं ते

दोन वर्षांमागं पुण्याची एक बाई आमच्याकडं आली होती. कॅमेरा, माईक, बरोबर एक गाडीवाला. जुन्या चालीरीतींचे व्हिडिओ करायची. वागायला गोड. माझ्या मासवड्या तिनं दोनदा मागून घेतल्या. मी फुशारून गेले आणि म्हटलं, बाई, खरं काही बघायचं असेल तर वर जा, आमच्या चिमाबाईच्या गावाला, देवीचं रान बघ. नाव मी दिलं. चिमाबाईचा दीर लक्ष्मण, त्याचा फोन नंबरही मीच दिला.

देवीला ते लोक नुसतं आई म्हणतात. गावामागच्या टेकडीवर तिचं रान आहे, दाट, भर उन्हात आत गेलं तर अंगावर गार पाणी पडल्यासारखं वाटतं. त्या रानात सगळं गाव जातं. हिरडा, करवंदं, शिकेकाई, पडलेलं सरपण, पत्रावळीची पानं, सगळं तिथनंच येतं. पण लोखंड आत न्यायचं नाही. फांदी हलवायची, खाली पडेल ते वेचायचं. पहिली ओंजळ दगडावर ठेवायची. आणि मोठी रीत म्हणजे, मी हे घेतलं असं तोंडानं कधी म्हणायचं नाही. पाटी पानांनी झाकून बाहेर यायचं. वाटेत कुणी विचारलं की म्हणायचं, काय न्हाई, समदं आईचं. नाव घेऊन सांगितलं तर आई देणं बंद करते.

आमच्याकडं उलट. कांदा किती निघाला, टोमॅटोचे क्रेट किती गेले, हे विचारल्याशिवाय आमच्यात बोलणंच सुरू होत नाही. चिमाबाईनं ही रीत मला बांधावर सांगितली तेव्हा मी हसले होते. तीही हसली होती.

आता त्या बाईनं रानाच्या तोंडाशी उभं करून चिमाबाईला विचारलं, आजी, या जंगलातून तुम्ही काय काय घेता? परक्या माणसासमोर चिमाबाई दुसरं काय बोलणार? पदर सारखा करून म्हणाली, "आमी? काय न्हाई. काडीबी न्हाई. समदं आईचं."

झालं. मागं बासरी लावली आणि व्हिडिओला नाव दिलं, एक काडीही न घेणारं गाव. लोकांनी डोक्यावर घेतला. माझ्याकडं तो आला तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मागं एकदा तिच्या गावी गेले होते, तेव्हा तिच्या घरात हिरड्याची पोती मी स्वतः बघितलीत. तरी चिमाबाई इतकी सुंदर दिसत होती, उन्हात डोळे बारीक करून, की मी तो माहेरच्या, भजनाच्या, बचतगटाच्या, सगळ्या ग्रुपवर पाठवला. बायकांनी हात जोडले. काहींनी रडल्याची चित्रं पाठवली. आपल्या ओळखीचं कुणी मोठं झालं की आपणही बोटभर उंच होतो, तसं मला झालं होतं.

यंदा वैशाखात लक्ष्मणचा फोन आला. गावानं त्या टेकडीवर वनहक्काचा दावा टाकला होता. पिढ्यान् पिढ्या इथनं वेचतोय, तर वेचायचा हक्क आमच्या नावानं लिहून द्या, असा. त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याच म्हातारीनं सगळ्या जगासमोर सांगितलंय, आम्ही काडी घेत नाही. वापर नाही, तर हक्क कसला? आणि व्हिडिओ बघून माणसं यायला लागलीत, तेव्हा टेकडीला जाळी घालून, दार करून, येणाऱ्यांना आत पायवाट करायची असं बोलणं सुरू होतं. आता पाहणी होणार होती. चिमाबाईनं जबाब द्यायचा होता, की आम्ही घेतो, हे हे घेतो.

"वयनी तोंडच उघडीत न्हाई," लक्ष्मण म्हणाला. "आक्का, तुमचं ती ऐकंल. तुमी या."

आळे ते वर

मासवड्या केल्या, रस्सा वेगळ्या डब्यात भरला आणि निघाले. मंचरच्या अलीकडं गतिरोधकावर गाडी उडाली आणि डब्याचं झाकण सुटलं. शेजारी एक गुरुजी बसले होते, निवृत्त, पांढरी विजार. लाल रस्सा त्यांच्या मांडीवर. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ते मात्र बोटानं चाखून म्हणाले, "बाई, मीठ बरोबर आहे." उतरेपर्यंत आम्ही मसाल्याच्या प्रमाणावर बोलत होतो. या सगळ्या प्रवासात हसले ती तेवढीच, म्हणून लिहून ठेवते.

घोडेगावला वरच्या गाडीला दीड तास होता. पुस्तकात राज्याची व्याख्या दिलीय, बळ वापरायचा हक्क ज्याच्या एकट्याकडं ते राज्य. मी बाकावर बसून बळ कुठं दिसतंय ते बघत होते. एक पोलीस दिसला, तोही रसवंतीत ग्लास घेऊन बसलेला. बाकी दिसली ती माणसं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. डोंगरातनं पहाटे निघालेली. त्यांना कुणी धक्का मारत नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानापुढं ती आपणहून रांगेत उभी होती, आणि दर थोड्या वेळानं पिशवी उघडून कागद आहे ना ते बघत होती. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, यात फोटो चिकटवायचा ऱ्हायलाय का बघा बरं. मी बघितलं. राहिला होता. तो पिशवी आवळून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

गाडी वर चढायला लागली की खाली धरणाचं पाणी दिसतं. उन्हाळ्यात उतरलेलं, कडेला पिवळ्या मातीचे पट्टे. आमच्या शेतात कालव्याचं पाणी येतं ते असंच कुठल्यातरी डोंगराच्या पायाशी अडवलेलं असतं, हे मागच्या खेपेला माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वरच्या बायका दोन-दोन हंडे घेऊन झऱ्यावर निघालेल्या. पाणी खाली दिसतंय एवढं, आणि ह्या चढून चाललेल्या.

लक्ष्मण गाडीपाशी उभा होता. साठीचा गडी, टोपी, दाढी वाढलेली. चालताना दावा कसा केला, नकाशा कसा काढला ते सांगत राहिला. गावच्या तोंडाशी एक पाटी दिसली, हिरव्या रंगाची, छान अक्षरात. शहरातल्या कुणा हौशी मंडळींनी आणून लावलेली. येथील ग्रामस्थ जंगलातून एक काडीही घेत नाहीत, आपणही घेऊ नका. मी म्हटलं, लक्ष्मण, ही काढली का नाही?

"त्यांनी लावताना नारळ फोडला वो," तो म्हणाला. "आमीबी टाळ्या वाजावल्या. आता कशी काढायची?"

चिमाबाईचं घर

चिमाबाई दाराशीच होती. वाळली होती. पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा कोरा चहा दिला, मासवड्या उघडून वास घेतला आणि सुनेला म्हणाली, आक्काच्या हातच्या हायेत, जपून वाढ. संध्याकाळी नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं आणि कैरीचा ठेचा. आमच्याकडं पाहुणा आला की चार भाज्या मांडायच्या आणि त्याला जेवू न देता बोलत बसायचं. तिथं एकच घुटं असतं, पण तुमचं ताट संपेपर्यंत घरातलं कुणी दुसरीकडं बघत नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या. आमच्या घरी एक जात नाही.

जबाबाचं ती काढेना, मीही काढेना. तिनं आमच्या विहिरीचं विचारलं, पांढऱ्या गाईचं विचारलं. ती गाय मरून चार वर्षं झाली, हे मी तिला कळवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनाकडचे दोन गार्ड मोजणीला आले. त्यांच्याबरोबर लक्ष्मण, गावची चार माणसं आणि मागनं मी. वहाणा बाहेर काढल्या. आत पाऊल टाकलं आणि मला पुन्हा ते गार पाणी पडल्यासारखं झालं. बुंधे एवढे की तिघींनी हात धरले तरी पुरे पडू नयेत. वर हिरड्याला कोवळी फळं लागलेली. मधे शेंदूर फासलेला दगड, त्याच्यापुढं वाळलेल्या ओंजळी, हिरड्याच्या, शिकेकाईच्या, एकावर एक.

गार्ड तोडीच्या खुणा शोधत होते. कुऱ्हाडीचा घाव, कोयत्यानं छाटलेली फांदी, खोडावर पायऱ्यांसारख्या खाचा, म्हणजे वापर आहे असं लिहिता येईल. ती वाईट माणसं नव्हती. एकजण तर सारखा म्हणत होता, बघा राव, काहीतरी दाखवा, म्हंजे लिहितो. लक्ष्मण या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरत होता. काहीच नव्हतं. कसं असेल? लोखंड आतच येत नाही. पलीकडच्या उतारावर कुणी ठेकेदार झाडं घेऊन गेला, तिथं बुडखेच बुडखे आहेत, तिथला वापर आंधळ्यालाही दिसेल. इथं शेकडो वर्षं माणसं वेचत आली आणि रानाला ओरखडा नाही. गार्डानं कागदावर लिहिलं, मानवी वापराच्या खुणा आढळल्या नाहीत. त्या ओंजळींकडं मी बोट केलं. तो म्हणाला, "ते नैवेद्यात येतं, आक्का. वापरात न्हाई."

तेव्हा माझ्या मनात आलं, आता फक्त तिचं तोंड उरलं.

ओट्यावर

दुपारी सगळे पडले होते. चिमाबाई ओट्यावर वरई निवडत होती. मी शेजारी बसले आणि सुरू केलं. मी काय बोलले असेन तुम्हीच समजा. जाळी घातल्यावर नातवंडं काय करतील ते बोलले. आई काय एवढी आंधळी आहे का, तुझं मन तिला कळत नाही का, तेही बोलले. पुस्तकातलंही थोडं बोलले, की ज्यांच्या हातात कागद असतो त्यांना मनातलं दिसत नाही, त्यांना बोललेलं दिसतं. ती सूप हलवत होती. खडे बाजूला, वरई बाजूला.

सुपातली वरई संपत आली तेव्हा म्हणाली, "नावं घ्यायची का समद्याची?"

मी म्हटलं, घ्यावी लागतील.

"त्या बाईला तवा नावं सांगितली असती तर?"

मी म्हटलं, तेव्हा सांगायला कारण नव्हतं.

"तिला तुमीच धाडलं व्हतं न्हवं," ती म्हणाली. रागानं नाही, आठवल्यासारखं. मग सूप खाली ठेवून, हात झटकून म्हणाली, "तुमी म्हंता तर बोलते, आक्का."

मला सुटल्यासारखं वाटलं. लक्ष्मणला हाक मारून सांगितलं. सुनेनं चहा टाकला. चहा पिताना पुस्तकातला एक धडा आठवला. पुस्तकात सत्तेचे तीन थर सांगितलेत. पहिला, एकानं दुसऱ्याला सरळ अडवायचं. दुसरा, विषयच पुढं येऊ द्यायचा नाही. तिसरा, समोरच्यालाच वाटायला लावायचं की आपणहून करतोय. पहिले दोन मी कचेऱ्यांत, पक्षांत, टीव्हीत शोधत बसले होते. तिसरा त्या ओट्यावर बसून कोरा चहा पीत होता. तीस वर्षं ती माझं ऐकत आली होती. सरी नीट धर म्हटलं की धरायची. मी कधी आवाज चढवला नाही, त्याचा मला अभिमान होता. आवाज चढवायची वेळच आली नव्हती.

शाळेची खोली

तिसऱ्या दिवशी अकराला दाव्याचे जबाब घ्यायला साहेब आले. शाळेला सुट्टी, म्हणून शाळेची खोली. टेबल, त्यावर फायली, एक बाई लॅपटॉप घेऊन बसलेली. गावच्या बायका खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभ्या. साहेब चाळिशीचे, नम्र. चिमाबाईला आधी खुर्ची दिली. ती खालीच बसली, मग दोघांनी उचलून तिला खुर्चीवर बसवलं.

"आजी, मी तुमचा व्हिडिओ घरी सगळ्यांना दाखवला," ते म्हणाले. "माझी आई रडली बघून. फार छान बोललात."

मग म्हणाले, नियमाप्रमाणं तो तुम्हाला दाखवावा लागेल, आणि मोबाइल तिच्यापुढं धरला. तेव्हा कळलं की तिनं तो बघितलेलाच नव्हता. अख्ख्या महाराष्ट्रानं बघितला होता. तिला कुणी दाखवला नव्हता. बासरी वाजली. चिमाबाई मान पुढं काढून बघत राहिली, स्वतःकडं, एखाद्या अनोळखी बाईकडं बघावं तसं. संपल्यावर म्हणाली, "बाई बरी बोलती."

खिडकीतल्या बायका हसल्या. साहेबही हसले.

"या तुम्हीच ना, आजी?"

"मीच."

"मग यात बोललात ते खरं का?"

आता हे पाहा. खरं म्हणाली तर दावा गेला. खोटं म्हणाली तर आईबद्दल खोटं बोलले असं झालं. लक्ष्मण पुढं वाकून म्हणाला, वयनी, सांगा. मग तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, देवा, मी मान डोलावली.

ती खुर्चीवरनं उतरली आणि उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आमी आनतो," ती म्हणाली. "हिरडा आनतो. माज्या सासूनं आनला, म्याबी आनला, माजी सून आनती. करवंदं आनतो. शिकेकाई आनतो. फनसाची पानं आनतो पत्रावळीला. पडल्यालं सरपन आनतो. मध आनतो. माजा मालक गेला तवा त्येला जाळायला लाकूड तिथलंच, पडल्यालंच, पन तिथलंच. लेकरांच्या खोकल्याला गळाल्याली साल आनतो. समदं आनतो. आमी तिच्यावरच जगतो."

एकेक नाव ती घेत गेली तशी खिडकीतली एकेक बाई मान खाली घालत गेली. एकीनं तर कान झाकून घेतले. माझ्या आयुष्यात मी भांडणात दिलेल्या शिव्या ऐकल्यात, मर्तिकाचं रडणं ऐकलंय. असं ऐकलं नव्हतं. ती काहीही वाईट बोलत नव्हती. हिरडा, करवंदं, पानं. पण माणूस भर बाजारात स्वतःच्या अंगावरचं लुगडं सोडायला लागल्यासारखं ते होतं.

लॅपटॉपवाल्या बाईनं टाइप केलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, तुमच्यावर माझा राग नाही. पण दावा असला की लोक असं सांगतात, आम्हाला रोज ऐकावं लागतं. व्हिडिओत तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते मनापासून होतं." आणि त्या बाईकडं वळून सांगितलं, लिहा, आधीच्या आणि आजच्या कथनात तफावत.

मी उठले. म्हटलं, साहेब, ती त्यांची रीत आहे, घेतलं असं म्हणायचं नसतं, व्हिडिओत रीत बोलली, आज खरं बोलली. एका दमात सांगितलं, बांधावरचं, पोत्यांचं, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही या गावच्या?"

"नाही. आळ्याची."

"मग तुमचं म्हणणं नोंदवता येणार नाही," ते म्हणाले. "पण ही रीत कुठं छापलेली असेल, एखाद्या पुस्तकात वगैरे, तर वरच्या समितीकडं जरूर जोडा."

न बोलण्याची रीत कुणी छापून ठेवली असेल? माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकात संस्कृतीवर अख्खा धडा आहे. त्यात ती नाही.

परत

त्या दिवशी कुणी चिमाबाईला बोल लावला नाही. लक्ष्मण म्हणाला, वर अपील करू, अजून वाट हाये. चेहऱ्यावरनं वाटत नव्हतं. शेजारच्या बायका झऱ्यावर निघाल्या तेव्हा त्यांनी तिच्या दारापुढं रोजची हाक दिली नाही. तिनं आपला हंडा उचलला आणि मागनं एकटी गेली.

चौथ्या दिवशी सकाळी मी निघाले. ती पोचवायला आली. गावातनं गाडीच्या थांब्याला जाणारी जवळची वाट रानाच्या कोपऱ्यातनं जाते, सावलीची, आणि थांब्याच्या हाकेवर बाहेर पडते. रानाच्या तोंडाशी आलो तर सून पाटी घेऊन बाहेरच उभी होती. आत जावं की नाही अशी. सासूला बघून तिनं पाटी पाठीमागं धरली. चिमाबाई तिला म्हणाली, "तू जा. तू कुटं बोलली?" सून आत गेली. आणि चिमाबाई वळली नि बाहेरच्या बाहेर, उघड्या माळावरनं चालायला लागली.

मी म्हटलं, अगं, इथनं जवळ आहे.

"तुमी जावा तिथनं. मी येते वळसा घालून."

"नुसतं चालायलासुद्धा नाही?"

"सावली घ्यायची म्हंजे घेनंच झालं न्हवं," ती म्हणाली. "आता न्हाई जमायचं, आक्का. म्या नावं घेतली समद्याची."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी पाय तरी धरले असते. मी तिच्याबरोबर माळावरनं चालले. दहाचं ऊन, पायाखाली तापलेला कातळ, दोन सत्तरीच्या बायका. ती मधेमधे थांबत होती, दम माझ्यासाठी घेतेय असं दाखवत. डाव्या हाताला रान. आतनं फांदी हलवल्याचा आवाज आला आणि हिरडा पडल्याचा, टपटप, टपटप. तिनं तिकडं मान वळवली नाही.

थांब्यावर पोचलो तर गाडी गेलेली. दुसरी दुपारी. झाड एकही नाही, म्हणून मैलाच्या दगडाच्या सावलीला पाय तेवढे ठेवून बसलो. मी म्हटलं, चिमाबाई, माझ्यामुळं झालं. ती म्हणाली, तुमी मुद्दाम थोडंच केलं. मी म्हटलं, कांद्याला येत जा परत, नुसती राहायला ये, काम नको. ती म्हणाली, बघू. हे तिचं बघू मी तीस वर्षं ऐकलंय. या वेळचं तसं नव्हतं.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. पुढं नवरा-बायको, मागं त्यांची माणसं. काच खाली करून बाईनं देवराईची वाट विचारली आणि विचारताविचारता थांबली. अय्या, तुम्ही त्या व्हिडिओतल्या आजी ना, असं म्हणून सगळी खाली उतरली. एकेकानं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. एकानं मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले. ती बाई चिमाबाईच्या पाया पडली, खरोखर डोकं टेकवून, डोळ्यांत पाणी आणून. म्हणाली, आजी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जंगल आहे.

चिमाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग वाट कोणती असं परत विचारल्यावर तिनं हात करून जवळची वाट दाखवली.

"वहाणा भाईर काढा," एवढं म्हणाली.

हो हो म्हणत ती माणसं हसतखिदळत रानात शिरली. थोडा वेळ त्यांचे आवाज येत होते, मग तेही थांबले. आत गार वाटलं असेल त्यांना. चिमाबाई माझ्याशेजारी रस्त्यावर, उन्हात, गाडी येईपर्यंत बसून राहिली.